पंढरीच्या सोन्यातली रुक्मिणी

पंढरपुरात रुक्मिणी विठ्ठलाशेजारी उभी नाही. तिचे देऊळ मागे, वेगळे आहे. राधेमुळे रुसून ती दिंडीरवनात आली आणि समजूत काढायला कृष्ण मागोमाग आला, तोच विठ्ठल, अशी त्यामागची कथा. सोलापूर जिल्ह्यातल्या या देवस्थानात सणावारी देवांच्या अंगावर चढणारे जुने दागिने याच कथेच्या उजेडात पाहायला हवेत. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात दागिन्यांवर ग्रीक प्रेमदेव इरॉस आणि त्याची प्रिया सायकी कोरले जात. तिथे प्रेमकथा दागिन्यावरच दिसते. पंढरीत ती कळते दागिना कोणाच्या अंगावर आहे यावरून. पुतळ्यांची माळच घ्या. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचे सोन्याचे नाणे, १२८४ पासून पाडलेले डुकाट. त्याच्या एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला शासक, दुसऱ्या बाजूला ख्रिस्त. व्यापारातून ते इकडे आले, चोख सोन्यामुळे मानले गेले, आणि पुढे सोनारांनी तशाच चकत्यांवर लक्ष्मी उठवली. चित्रातले दैवत बदलले, तरी माळ सवाष्णीच्या गळ्यातच राहिली. म्हणून ती रुक्मिणीलाही शोभते.

विठ्ठलाची मकरकुंडले हा तर विष्णूचा सर्वत्र आढळणारा अलंकार, त्यात प्रेम कुठले, असे कोणी विचारील. आक्षेप रास्त आहे. पण मकर मदनाच्या ध्वजावरही असतो, आणि भागवतात हाच मदन प्रद्युम्न होऊन रुक्मिणीच्या पोटी येतो. घडवणाऱ्याच्या मनात हे होते असे मी म्हणत नाही. रुसलेल्या बायकोमागे आलेल्या नवऱ्याच्या कानी मकर पाहताना ते आठवल्याशिवाय राहत नाही, एवढेच. याहून जड आक्षेप तुलाभाराचा. सत्यभामेच्या साऱ्या दागिन्यांनी कृष्ण तोलला गेला नाही, रुक्मिणीच्या एका तुळशीपानाने गेला. मग तुळशीमाळ हेच लेणे मानणाऱ्या वारकऱ्यांच्या देवाला सोने कशाला? मला वाटते, त्या कथेचा राग सोन्याने प्रेमाचे मोल करण्यावर आहे, सोने लेवण्यावर नाही. तुकोबांनीही विटेवरचे रूप वर्णताना तुळशीहार, मकरकुंडले आणि कौस्तुभ एकाच अभंगात आणले. कौस्तुभ तर लक्ष्मीबरोबरच समुद्रमंथनातून वर आलेला, आणि रुक्मिणी म्हणजे लक्ष्मीच. आणि रुक्मिणीला काय घालतात? नथ, चिंचपेटी, तन्मणी, पुतळ्यांची माळ. मराठी घरात सासू सुनेच्या ओटीत घालते, तेच.