प्रभवनाम संवत्सरे

लग्नपत्रिकेत शकाच्या आकड्याशेजारी संवत्सराचे नाव छापलेले असते. ते सहसा कुणी वाचत नाही. चाळीसगावकरांनी तरी वाचावे. अशाच एका नावाने इथल्या दगडाची तारीख ठरवली आहे.

गावापासून अठरा किलोमीटरवर, पाटणादेवीच्या मंदिरातला तो शिलालेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवायला त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वावर, मठाला दान दिले. शेवटच्या मराठी ओळींत पाटणच्या बाजारातल्या ‘केण्या’वरचा, म्हणजे विक्रीच्या मालावरचा, हिस्साही मठाला लावून दिलेला आहे. साल कोरले आहे शके ११२८, प्रभव संवत्सर. पण आजच्या पंचांगाच्या हिशेबाने प्रभव पडतो ११२९ला! आकडा इसवी १२०६ म्हणतो, नाव १२०७. अभ्यासकांनी नावाचे ऐकले आणि तारीख धरली ९ ऑगस्ट १२०७. आकड्याची ही गफलत, आणि तीही कुणाच्या घरात, तर भास्कराचार्यांच्या.

प्रभव हे साठ नावांतले पहिले. ही नावे आपापल्या पाळीने येतात, गादीवर कोणीही असो.

चीनमध्ये मात्र वर्षाला नाव ठेवणे हा सम्राटाचा हक्क. इसवी सनापूर्वी १४०पासूनची वर्षे हान वंशाच्या वू सम्राटाने ‘जियानयुआन’ नावाने मोजली. पुढे मन मानेल तेव्हा नाव बदलायचे आणि पुन्हा एकपासून मोजायचे. जुने कांस्यपात्र सापडले तरी निमित्त पुरे. एका सम्राटाला एकच नाव ही शिस्त १३६८नंतर, मिंग काळात आली. १९१२मध्ये बादशाहीबरोबर ती नावेही संपली.

आपल्याकडे या चिनी प्रथेच्या जवळ जाते ते शिवछत्रपतींचे राज्याभिषेक शक. ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ रोजी, म्हणजे ६ जून १६७४ला, ते सुरू झाले. संवत्सर होते आनंद. चिनी दरबाराने मुद्दाम निवडावे असे नाव. इथे ते पाळीनेच आले होते. महाराजांनी नवा आकडा सुरू केला, नाव पंचांगाचेच ठेवले.

आणि तो आकडा त्यांच्याबरोबर थांबलाही नाही. १६ जानेवारी १६८१ला संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा एकपासून मोजणी झाली नाही. राज्याभिषेक शकाचे सातवे वर्ष चालू होते, तेच पुढे चालले. त्या वर्षीचे संवत्सर होते रौद्र.