टेनिस एल्बो : एका शस्त्रक्रियेचा इतिहास

काही आजारांना नावे चुकून चिकटतात. टेनिस एल्बो हा त्यांतलाच एक. रॅकेट कधी हातात न धरलेले सुतार, रंगारी, टंकलेखक आणि रोज पोळ्या लाटणाऱ्या बायका हेच त्याचे बहुसंख्य रुग्ण. जर्मन वैद्य फर्डिनांड रुंगे यांनी १८७३ मध्ये कोपराच्या बाहेरील बाजूच्या या दुखण्याचे वर्णन केले, तेही लेखनिकांच्या हाताला येणाऱ्या पेटक्यांवरील निबंधात. वॉल्टर विंगफिल्ड यांनी लॉन टेनिसचे पेटंट घेतले ते त्यानंतर, १८७४ मध्ये. पुढे विम्बल्डन गाजू लागले आणि १८८३ पर्यंत ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकांत हे दुखणे खेळाच्या नावाने ओळखले जाऊ लागले. कारकुनाचा आजार खेळाडूचा झाला.

नाव ठरले, पण दुखते नेमके काय, हे ठरेना. शस्त्रक्रियेचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो. बोस्टनच्या रॉबर्ट ऑसगुड यांनी १९२२ मध्ये सांध्याजवळच्या द्रवपिशवीला दोष दिला. जर्मनीत गेओर्ग होहमान यांनी मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंचे हाडावरील मूळच कापून सैल केले. बॉसवर्थ यांनी १९५५ मध्ये त्रिज्यास्थीच्या डोक्याभोवतीच्या कडीसारख्या अस्थिबंधाकडे बोट दाखवले. इंग्लंडमधील गार्डन यांनी १९६१ मध्ये कोपराला हातच लावला नाही. त्यांनी खाली मनगटाकडे कंडरा लांबवून वरचा ताण कमी केला. १९७२ मध्ये रोल्स आणि मॉड्स्ली यांनी न हटणाऱ्या दुखण्यामागे दबलेली नस पाहिली आणि ती मोकळी केली. पिशवी, स्नायूचे मूळ, अस्थिबंध, कंडरा, नस : प्रत्येकाने वेगळी जागा धरली आणि प्रत्येकाला बरे झालेले रुग्ण दाखवता आले. यातच खरी मेख होती.

१९७९ मध्ये अमेरिकेतील रॉबर्ट निर्शल आणि फ्रँक पेट्रोन यांच्या निबंधाने हा गोंधळ बराच निवळला. मनगट उचलणाऱ्या आखूड स्नायूच्या कंडरेच्या मुळाशी त्यांना करडी, निकस ऊती सापडली. ती दाहाची नसून अर्धवट राहिलेल्या दुरुस्तीची खूण होती. तेवढीच खरवडून काढायची आणि बाकी कंडरा शाबूत ठेवायची, ही त्यांची रीत. ८२ रुग्णांच्या ८८ कोपरांवर त्यांनी ती वापरली, ९७.७ टक्क्यांत सुधारणा झाली आणि ८५.२ टक्के पूर्ववत कामाला, खेळाला लागले. जगभर हीच शस्त्रक्रिया रूढ झाली.

आपल्याकडे हा शब्द घराघरांत पोचवला तो सचिन तेंडुलकरने. २००४ मध्ये कोपराने त्याला मैदानाबाहेर बसवले. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध त्याने ९३ धावा काढल्या आणि डिसेंबरमध्ये दिल्लीत कसोटीतले ३५वे शतक ठोकले. शस्त्रक्रियेला याहून मोठी जाहिरात ती कोणती?

तरीही एक प्रश्न उरतोच. हे दुखणे बहुतेकांचे वर्ष-दोन वर्षांत आपसूक ओसरते आणि सुरी चालते तीही साधारण याच टप्प्यावर. मग बरे कोणी केले, सुरीने की काळाने? तुलनेला दुसरा गट नसेल, तर कितीही मोठी टक्केवारी याचे उत्तर देत नाही. ऑस्ट्रेलियात मार्टिन क्रोस्लाक आणि जॉर्ज मरेल यांनी तसा गट केला. २६ रुग्णांपैकी निम्म्यांवर निर्शल यांची शस्त्रक्रिया झाली. उरलेल्यांची त्वचा कापली, कंडरा उघडी केली, पण तिला न छेडता टाके घातले. आपल्यावर काय झाले, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला : दोन्ही गट सुधारले, आणि २६ आठवड्यांनंतरही त्यांच्यात फरक आढळला नाही.

एवढ्या लहान प्रयोगावरून शस्त्रक्रिया निकामी ठरत नाही. पण ऑसगुडपासून रोल्सपर्यंत, परस्परविरोधी उपायांना सारखेच यश कसे मिळत गेले, याचा उलगडा त्यातून बराचसा होतो. विश्रांती, भूल, डॉक्टरवरचा विश्वास आणि मुख्यतः सरलेले महिने या साऱ्यांचे श्रेय सुरीच्या खात्यावर जमा होत आले असावे.

निर्शल यांच्या निबंधातला एक आकडा मात्र सहसा कोणी सांगत नाही. ती ८८ कोपरे निवडली गेली होती १,२१३ रुग्णप्रकरणांतून, म्हणजे जवळपास चौदांत एक. या शस्त्रक्रियेचा सर्वांत मोठा पुरस्कर्ताही बाकीच्या तेरांना सुरीपासून लांबच ठेवत होता.