इथरनेट जोडणीतील दोषशोध

इथरनेट जोडणीतील दोषशोध म्हणजे केबलद्वारे नेटवर्कला जोडलेल्या संगणकाचा संपर्क तुटल्यास बिघाडाचे नेमके स्थान क्रमाक्रमाने निश्चित करण्याची पद्धत होय. संगणक, केबल, नेटवर्क स्विच, राऊटर आणि सेवापुरवठादाराची वाहिनी अशी ही साखळी असते. तिची कोणतीही कडी निकामी झाली तरी वापरकर्त्याला ‘नेट बंद आहे’ एवढेच जाणवते. बिघाड आवाराच्या आत आहे की बाहेर, हे ठरवणे हा दोषशोधाचा मुख्य हेतू असतो.

पार्श्वभूमी

इथरनेटची संकल्पना १९७३ मध्ये अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मांडली. १९८३ मध्ये ‘आयईईई ८०२.३’ हे तिचे मानक संमत झाले. आरंभीच्या रचनेत सर्व संगणक एकाच जाड केबलवर जोडलेले असत व ती एका जागी तुटली तरी सर्वांचा संपर्क खंडित होई. पुढे पीळ दिलेल्या तारांच्या जोड्यांची केबल आणि मध्यवर्ती स्विच ही रचना रूढ झाली. तिच्यात एका केबलचा दोष सहसा एकाच संगणकापुरता राहतो. त्यामुळे शेजारचा संगणक चालू आहे का, हा पहिला प्रश्न ठरतो. एकच संगणक बंद असल्यास दोष त्याच्या केबलमध्ये, स्विचवरील पोर्टमध्ये किंवा संगणकात असतो. सर्वच बंद असल्यास स्विच, राऊटर किंवा बाहेरील वाहिनी तपासावी लागते.

भौतिक तपासणी

संगणकाच्या नेटवर्क पोर्टवर व स्विचवर लहान दिवे असतात. जोडणी जुळलेली असल्यास दिवा लागतो. दिवा बंद असल्यास सॉफ्टवेअरमध्ये बदल करण्यापूर्वी केबल पाहावी. प्लगचा प्लॅस्टिकचा खटका तुटणे, उंदरांनी केबल कुरतडणे, खुर्चीखाली ती दबणे ही सामान्य कारणे आहेत. प्रथम चालू असलेली दुसरी केबल लावून पाहावी, नंतर स्विचवरील पोर्ट बदलावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, अन्यथा कशामुळे दोष दूर झाला हे कळत नाही.

केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिट वेगासाठी त्यांपैकी दोन पुरतात, तर नेहमीच्या गिगाबिट जोडणीला चारही लागतात. त्यामुळे एखादी तार तुटल्यास जोडणी पूर्ण बंद न पडता तिचा वेग घटू शकतो. तांब्याच्या केबलची प्रमाणित मर्यादा १०० मीटर आहे. एकाच केबलची दोन्ही टोके चुकून एकाच स्विचमध्ये लावल्यास माहितीचे संदेश सतत फिरत राहून संपूर्ण नेटवर्क ठप्प होऊ शकते.

आयपी पत्त्याची तपासणी

दिवा लागूनही संपर्क नसल्यास संगणकाचा आयपी पत्ता पाहावा. विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा त्यासाठी वापरतात. पत्ता १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होत असल्यास संगणकाला राऊटरकडून पत्ता मिळालेला नसून त्याने तो स्वतःच घेतला आहे, असे समजावे. अशा वेळी राऊटर व तेथपर्यंतची केबल तपासावी. दोन संगणकांना एकच पत्ता हाताने दिला गेल्यास जोडणी अधूनमधून तुटते.

पिंग चाचणी

‘पिंग’ ही आज्ञा दुसऱ्या उपकरणाकडे लहान संदेश पाठवून उत्तराची वाट पाहते. ती जवळून दूर या क्रमाने वापरतात.

१. १२७.०.०.१ या पत्त्यावरून उत्तर आल्यास संगणकातील नेटवर्क सॉफ्टवेअर कार्यरत असते. केबलविषयी यातून काहीच कळत नाही.
२. राऊटरच्या पत्त्यावरून उत्तर आल्यास आवारातील जोडणी ठीक असते.
३. ८.८.८.८ यासारख्या बाहेरील पत्त्यावरून उत्तर आल्यास इंटरनेटची वाहिनीही चालू असते.
४. आकडी पत्ता चालतो, परंतु संकेतस्थळ नावाने उघडत नाही, तर दोष नावाचे पत्त्यात रूपांतर करणाऱ्या डीएनएस सेवेत असण्याचा संभव असतो.

काही उपकरणे सुरक्षिततेसाठी पिंगला उत्तर देत नाहीत. म्हणून उत्तर न येणे हा बिघाडाचा निर्णायक पुरावा मानला जात नाही.

ग्रामीण कार्यालयांतील महत्त्व : लोणार

बुलढाणा जिल्ह्याच्या आग्नेय भागातील लोणार हे तालुक्याचे ठिकाण उल्कापाताने बनलेल्या सरोवरासाठी प्रसिद्ध आहे. अशा तालुक्यांत दाखले, सातबारा उतारे व शिष्यवृत्तीचे अर्ज यांसाठी लोक ऑनलाइन सेवांवर अवलंबून असतात. अर्जाच्या अंतिम दिवशी जोडणी बंद पडल्यास गावाहून आलेल्या अर्जदाराची फेरी वाया जाते आणि मुदतही चुकू शकते. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूने जोडण्याच्या योजनेस केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. तीच पुढे भारतनेट म्हणून ओळखली जाऊ लागली.

प्रकाशतंतू जेथे कार्यालयात पोहोचतो, तेथे ओएनटी हे उपकरण प्रकाशसंकेतांचे विद्युतसंकेतांत रूपांतर करते. त्यावरील ‘लॉस’ हा लाल दिवा लागल्यास प्रकाशसंकेत पोहोचत नाही असे समजावे. असा दोष संगणक पुन्हा सुरू करून दूर होत नाही. प्रकाशतंतूची जोडणी तपासून सेवापुरवठादाराला कळवावे. तंतूच्या उघड्या टोकात डोळा लावून पाहू नये.

वीज आणि अर्थिंग

जवळपास वीज पडल्यास तांब्याच्या लांब केबलमध्ये क्षणिक उच्च दाब निर्माण होऊन पोर्ट जळू शकतो. प्रकाशतंतूच्या काचेतून वीज वाहत नाही. म्हणून दोन इमारतींमध्ये धातूविरहित प्रकाशतंतू केबल अधिक सुरक्षित असते. मात्र ओएनटीला वीजपुरवठ्याच्या तारेतून धोका राहतो. लोणारचे विवर बेसॉल्ट खडकात आहे. अशा खडकाळ प्रदेशात मातीचा थर पातळ असलेल्या जागी चांगले अर्थिंग मिळणे कठीण असते. वादळ येण्यापूर्वीच उपकरणांचे प्लग व बाहेरून येणाऱ्या तांब्याच्या केबल काढून ठेवाव्यात.

तक्रार नोंदवताना

बिघाडाची वेळ, दिव्यांची स्थिती, संगणकाचा पत्ता आणि पिंगचे निकाल लिहून ठेवल्यास तंत्रज्ञाला दोषाचे स्थान आधीच समजते. योग्य साहित्यासह एकाच फेरीत दुरुस्ती होण्याची शक्यता त्यामुळे वाढते.