काहिलीतला उसाचा रस उतू का जातो? तेलाच्या थेंबाने फेस कसा बसतो?

सांगली-कोल्हापूर भागातल्या गुऱ्हाळांत रस उकळू लागला की काहिलीत फेस भराभर वर चढतो. तो उतू गेला तर रस वाया जातोच, शिवाय शेजारी उभा असलेला माणूस गंभीर भाजू शकतो.

असं का होतं?
रसातली प्रथिनं वाफेच्या बुडबुड्यांभोवती चिवट पडदा तयार करतात. बुडबुडे लवकर फुटत नाहीत, साचत जातात. बिअरसाठी बार्लीचा गोड अर्क उकळतानाही हेच घडतं.

उपाय काय?
काहील काठोकाठ भरत नाहीत. रानभेंडीचा चिकट रस घालून वर आलेली मळी काढतात. तरी फेस चढलाच, तर चुलाणात चिपाडं टाकणं थांबवून गुळव्या थोडं तेल टाकतो. तेल पडद्यावर पसरून तो फाडतं आणि फेस बसतो.