हवेत मिसळणारे पाणी : व्यावसायिक वातानुकूलनाचा दुर्लक्षित इतिहास

१/ जुलै १९७६. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षे पूर्ण होत होती. ज्या फिलाडेल्फियात स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला, त्याच शहरात माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ या संघटनेच्या पेनसिल्व्हेनिया शाखेचे अधिवेशन भरले होते. स्थळ होते १९०४ पासून चालत आलेले नामांकित बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेल. २१ ते २४ जुलै असे चार दिवस अधिवेशन चालले. पुढच्या काही आठवड्यांत त्यात सहभागी झालेली २९ माणसे न्यूमोनियासारख्या आजाराने दगावली. कशाने, ते कोणालाच सांगता येईना.

२/ या मृत्यूंचा माग पुढे हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेपर्यंत जाऊन पोहोचला. दुकान, कचेरी, चित्रपटगृह किंवा हॉटेल यांसाठी कोणता एसी निवडावा, याची चर्चा गेली शंभर वर्षे होत आली आहे. तो बसवून झाल्यावर त्याच्या पाण्याकडे कोणी लक्ष द्यायचे, या प्रश्नाचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. प्रस्तुत धागा त्या इतिहासाचा आहे.

३/ आरंभ एका छापखान्यात होतो. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील सॅकेट-विल्हेल्म्स या मुद्रणालयात रंगीत छपाई सतत बिघडत होती. त्या काळी प्रत्येक रंग स्वतंत्रपणे छापला जाई. उन्हाळ्यातील दमट हवेने कागद फुगे, कोरड्या हवेत आक्रसे आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नसे. हे काम बफेलो फोर्ज कंपनीतील विलिस कॅरियर या अवघ्या २५ वर्षांच्या अभियंत्याकडे आले. त्याने आखलेल्या यंत्रणेचे उद्दिष्ट होते हवेतील सापेक्ष आर्द्रता ५५ टक्क्यांवर स्थिर ठेवणे. गारवा मिळणार होता तो कागदाला. कामगारांच्या सुखाचा विचार त्यात नव्हता.

४/ पाण्याच्या फवाऱ्यातून हवा नेऊन ती स्वच्छ आणि नेमक्या आर्द्रतेची करणाऱ्या यंत्रणेचे पेटंट कॅरियरला जानेवारी १९०६ मध्ये मिळाले. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द मात्र त्याचा नव्हे. त्याच वर्षी तो वापरात आणला नॉर्थ कॅरोलायनातील वस्त्रोद्योग अभियंता स्टुअर्ट क्रेमर याने. सुताला विशिष्ट ओलावा देण्याच्या प्रक्रियेला गिरण्यांत ‘कंडिशनिंग’ म्हणत. तोच शब्द क्रेमरने हवेला लावला.

५/ गिरणीला ओलावा का हवा, हे महाराष्ट्रातील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. कोरड्या हवेत सूत तुटते. मुंबईत कापड गिरण्या वाढल्या त्यामागे येथील दमट हवामान हे एक कारण भूगोलाच्या पुस्तकांत सांगितलेले असते. जिथे निसर्ग हात आखडता घेई, तिथे मालक विणकाम विभागात वाफ किंवा पाण्याचे तुषार सोडत. सूत सुधारे आणि त्याच ओलसर, कोंदट हवेत विणकर दिवसभर उभा राही. लँकेशायरच्या विणकरांनी या ‘स्टीमिंग’विरुद्ध आवाज उठवला. ब्रिटनमध्ये १८८९ साली कापड गिरण्यांतील कृत्रिम ओलाव्यावर मर्यादा घालणारा कायदा झाला.

६/ स्वतंत्र भारताच्या कारखाने अधिनियम, १९४८ मध्येही या विषयाला स्वतंत्र कलम मिळाले. कलम १५ सांगत असे की, कारखान्यातील हवेचा ओलावा कृत्रिमरीत्या वाढवायचा असेल, तर त्यासाठीचे पाणी सार्वजनिक पुरवठ्याचे किंवा पिण्याच्या पाण्याच्या अन्य स्रोताचे असावे. नाहीतर ते वापरापूर्वी परिणामकारकपणे शुद्ध केलेले असावे. यामागचा विचार साधा आहे. जे पाणी हवेत मिसळून माणसाच्या छातीत जाणार, ते पिण्याच्या पाण्याइतके निर्मळ हवे. हे कलम येथे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

७/ दरम्यान वातानुकूलनाने मालाकडून ग्राहकाकडे मोर्चा वळवला होता. १९२४ साली डेट्रॉइटच्या जे. एल. हडसन या भव्य दुकानात कॅरियरची नवी शीतयंत्रे बसली, कारण तळघरातील सवलतीच्या विक्रीला इतकी झुंबड उडे की उकाड्याने गिऱ्हाइकांना भोवळ येई. १९२५ मध्ये न्यूयॉर्कच्या रिव्होली चित्रपटगृहाने हाच मार्ग धरला. उन्हाळा हा चित्रपटगृहांचा मंदीचा हंगाम समजला जाई. गारव्याने तो तेजीचा केला. १९२८ साली टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे मिलम बिल्डिंग ही २१ मजली वातानुकूलित कचेऱ्यांची इमारत उभी राहिली.

८/ मुंबईने फार वाट पाहिली नाही. कुलाब्याच्या तोंडाशी १९३३ साली उघडलेले रीगल हे देशातील सुरुवातीच्या वातानुकूलित चित्रपटगृहांपैकी एक होय. १९५४ साली टाटा सन्स आणि व्होल्कार्ट ब्रदर्स यांच्या भागीदारीतून मुंबईत व्होल्टास स्थापन झाली. व्यावसायिक जागेसाठी वातानुकूलन यंत्रणा निवडणे हा एव्हाना अभियंते, कंत्राटदार आणि हिशेबनीस यांचा नित्याचा विषय झाला होता.

९/ निवडीचे मापही इतिहासाने दिलेले आहे. ‘दीड टनाचा एसी’ म्हणताना यंत्राचे वजन अभिप्रेत नसते. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता बाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. गारवा बर्फाच्या लाद्यांनी मोजला जाण्याच्या काळाची ही खूण आहे. जागेचे क्षेत्रफळ, छताची उंची, पश्चिमेचे ऊन, माणसांची संख्या, दिवे आणि यंत्रे यांची बेरीज करून आजही हे टन ठरवले जातात.

१०/ दुसरा प्रश्न वायूचा. आरंभीच्या शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड वापरत. गळती झाल्यास ते जिवावर बेतत. गर्दीच्या सभागृहात हा धोका परवडणारा नव्हता. १९३० मध्ये जाहीर झालेला फ्रेऑन विषारी नव्हता आणि पेटही घेत नव्हता. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्या कुळातील वायू ओझोनचा थर विरळ करू शकतात, हे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड यांनी १९७४ साली दाखवून दिले आणि १९८७ च्या माँट्रियल कराराने त्यांच्या उच्चाटनाला सुरुवात झाली.

११/ तिसरा प्रश्न सर्वांत कमी विचारला जाई. इमारतीतून काढलेली उष्णता टाकायची कुठे? लहान यंत्र ती पंख्याने थेट बाहेरच्या हवेत सोडते. मोठ्या इमारतींत वीज वाचावी म्हणून बहुधा पाणी वापरले जाते. तापलेले पाणी गच्चीवरील कूलिंग टॉवरमध्ये वरून झिरपते, पंखा त्यातून हवा खेचतो, थोडे पाणी वाफ होऊन उष्णता नेते आणि उरलेले पुन्हा खाली यंत्राकडे परतते. म्हणजे हवेने थंड होणारे यंत्र घ्यायचे की पाण्याने, हे ठरवताना मालक नकळत पुढच्या अनेक वर्षांच्या देखभालीचे स्वरूपही ठरवत असतो.

१२/ कारण टॉवरमधले पाणी कोमट असते, त्यात हवेतली धूळ उतरते, तळाशी गाळ साचतो, भिंतींवर क्षार आणि बुळबुळीत थर धरतो. अशा पाण्यात सूक्ष्मजीव फोफावतात. पंख्याच्या झोताबरोबर पाण्याचे बारीक तुषारही बाहेर पडतात. ते अडवणाऱ्या पट्ट्या तुटल्या, जंतुनाशकाची मात्रा चुकली किंवा वर्षभर कोणी गच्चीवर फिरकलेच नाही, तर ते तुषार रस्त्यावर किंवा इमारतीच्याच हवेच्या झडपेत शिरतात. खाली खोल्या गार असतात, म्हणून तक्रार कोणीच करत नाही.

१३/ पहिला इशारा जुलै १९६८ मध्ये मिळाला होता. मिशिगन राज्यातील पाँटिॲक येथे चक्क आरोग्य खात्याच्याच इमारतीत १४४ जणांना ताप, डोकेदुखी आणि अंगदुखीने घेरले. चौकशीला आलेले तज्ज्ञही आजारी पडले. एसी बंद असताना आत गेलेले मात्र बचावले. यंत्रणेतील दोषामुळे उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागातले तुषार आतल्या हवेत मिसळत होते. कोणी दगावले नाही. जंतू सापडला नाही. रक्ताचे नमुने शीतपेटीत ठेवून प्रकरण थांबले.

१४/ आठ वर्षांनी फिलाडेल्फियात ही सवलत मिळाली नाही. त्या वर्षी अमेरिकेत स्वाइन फ्लूची धास्ती होती, त्यामुळे पहिला संशय त्याच्यावर गेला. मग निकेलची विषबाधा, घातपात असे तर्क पुढे आले. चौकशी पथकांनी अन्न तपासले, पाणी तपासले, शेकडो माणसांच्या दिनक्रमाची नोंद केली. हॉटेलच्या दर्शनी दालनात अधिक वेळ काढलेल्यांना आजाराचा धोका अधिक, एवढे स्पष्ट झाले.

१५/ आणखी एक बाब महत्त्वाची ठरली. ज्यांचा अधिवेशनाशी काहीच संबंध नव्हता, केवळ हॉटेलसमोरच्या ब्रॉड स्ट्रीटवरून जे गेले होते, असे ३९ जण याच आजाराने अंथरुणाला खिळले आणि त्यांतले ५ मरण पावले. त्यांनी हॉटेलात अन्नाचा घास घेतला नव्हता. रस्त्यावरचे ते लोक आणि आतले पाहुणे यांच्यात समान होती ती फक्त हवा. एकूण आकडा झाला २२१ रुग्ण आणि ३४ मृत्यू.

१६/ डिसेंबर १९७६ च्या अखेरीस अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रातील जोसेफ मॅकडेड यांनी आधी तपासून बाजूला ठेवलेल्या काचपट्ट्या पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली घेतल्या. पूर्वी क्षुल्लक वाटलेले काडीसारखे जंतू आता त्यांना स्वस्थ बसू देईनात. १८ जानेवारी १९७७ रोजी घोषणा झाली: हा पूर्वी अज्ञात असलेला जिवाणू आहे. पुढे मृत सैनिकांच्या संघटनेवरून त्याला ‘लेजिओनेला’ हे नाव मिळाले. संशयाचा रोख गच्चीवरील कूलिंग टॉवरकडे होता. निर्णायक पुरावा मात्र हाती लागला नाही.

१७/ मग शीतपेट्या उघडल्या गेल्या. पाँटिॲकचे जपून ठेवलेले नमुने जुळले. वॉशिंग्टनच्या एका रुग्णालयातील १९६५ ची साथही याच जंतूची निघाली. आणि १९७४ साली याच बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्डमध्ये भरलेल्या दुसऱ्या एका संघटनेच्या अधिवेशनातही हाच आजार डोकावून गेला होता. नवा होता तो जंतूचा शोध. जंतू स्वतः बराच काळ माणसांच्या डोक्यावर, गच्चीतच नांदत होता. हॉटेल मात्र नोव्हेंबर १९७६ मध्येच बंद पडले होते. पाहुणे येईनात.

१८/ धडा लगेच गिरवला गेला असे नाही. १९८५ मध्ये इंग्लंडमधील स्टॅफर्डच्या रुग्णालयात याच जंतूने वीसहून अधिक बळी घेतले. १९८८ मध्ये लंडनमधील बीबीसीच्या मुख्यालयाशी निगडित साथ उद्भवली. कूलिंग टॉवर कुठे आहेत, याची नोंद स्थानिक प्रशासनाकडे करण्याची सक्ती ब्रिटनमध्ये १९९२ साली आली. न्यूयॉर्कने त्याहून उशीर केला. २०१५ च्या उन्हाळ्यात साउथ ब्राँक्समध्ये १३८ जण आजारी पडले, १६ दगावले. उगम एका हॉटेलच्या कूलिंग टॉवरमध्ये सापडला. त्यानंतर नोंदणी, दर तीन महिन्यांनी तपासणी आणि वार्षिक प्रमाणपत्र बंधनकारक झाले.

१९/ या नियमांत सांगितलेली कामे अगदी साधी आहेत: टाकी रिकामी करून घासणे, गाळ काढणे, जंतुनाशकाची मात्रा राखणे, तुषार अडवणाऱ्या पट्ट्या बदलणे आणि हे सारे तारखेनिशी वहीत लिहिणे. यंत्राच्या खरेदीचा सोहळा होतो, या वहीचा होत नाही. खर्चात काटछाट करायची वेळ आली की पहिली कात्री हिच्यावर चालते.

२०/ फिलाडेल्फियाच्या २८ वर्षे आधी भारताच्या कारखाने कायद्याने हवेत सोडायच्या पाण्याची शुद्धता मालकाची जबाबदारी ठरवली होती. तो नियम कारखान्यातील श्रमिकासाठी होता आणि त्यामागे लँकेशायरच्या विणकरांपासून चालत आलेली जुनी तक्रार होती. हॉटेलांच्या, कचेऱ्यांच्या आणि मॉलच्या गच्चीवरील पाण्यालाही तोच न्याय लागू व्हावा, हे कळण्यासाठी ३४ माणसांचे प्राण जावे लागले. तेव्हा एसी निवडताना किती टनाचा आणि किती विजेचा या प्रश्नांबरोबर आणखी एक प्रश्न इतिहासाने जोडून दिला आहे: त्याचे पाणी कोण, कधी आणि कोणाच्या सहीने तपासणार?