परवानगीच्या चौकटीचा मागोवा

विंडोज व्हिस्टावर एखादा प्रोग्रॅम बसवायला घेतला की स्क्रीन अचानक काळवंडायची आणि मधोमध चौकट उभी राहायची: परवानगी द्यायची की नाही? तेव्हा मागे दिसणारा डेस्कटॉप खरा नसे, तो त्याचा अंधुक केलेला फोटो असे. चौकट उघडायची ती वेगळ्या, बंदिस्त डेस्कटॉपवर, कारण एखाद्या व्हायरसने परस्पर ‘हो’चं बटण दाबू नये. इतका विचारपूर्वक बंदोबस्त करूनही लोक या चौकटीला विटले. त्यांचा राग रास्त होता. तो कुणावर काढायचा, हे मात्र चौकटीची वंशावळ पाहिल्यावर कळतं.

तिची मुळं युनिक्समध्ये आहेत. बेल लॅब्समध्ये एकाच यंत्रावर अनेकजण काम करत, त्यामुळे सर्वाधिकारी ‘रूट’ वेगळा आणि बाकीचे वेगळे. पण साधा पासवर्ड बदलायचा तरी रूटच्या ताब्यातल्या फाइलला हात लावावा लागे. डेनिस रिची यांनी त्यावर ‘सेटयूआयडी’ची युक्ती काढली: तेवढा एक प्रोग्रॅम, कुणीही चालवला तरी, त्याच्या मालकाच्या अधिकाराने चालेल. १९७५ साली जेरोम सॉल्ट्झर आणि मायकेल श्रोडर यांनी सुरक्षेची तत्त्वं मांडली. कामापुरताच अधिकार द्यावा, हे त्यातलं गाजलेलं तत्त्व. संरक्षणाची व्यवस्था माणसाला सहज वापरता यावी, हेही त्याच यादीत होतं. पुढच्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही.

१९८०च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या विद्यापीठात बॉब कॉगशॉल आणि क्लिफ स्पेन्सर यांनी ‘सुडू’ लिहिला. रूटचा पासवर्ड सगळ्यांना वाटण्याऐवजी एका आज्ञेपुरता अधिकार उसना द्यायचा. आजचा सुडू पासवर्ड विचारतो, काही मिनिटं लक्षात ठेवतो आणि मग विसरतो. मला या घराण्यातला हा सर्वांत शहाणा सदस्य वाटतो, कारण विचारणारा आणि उत्तर देणारा दोघांनाही नेमकं काय चाललंय ते ठाऊक असतं.

घरच्या संगणकावर ही शिस्त आलीच नाही. विंडोज ९५ आणि ९८मध्ये मालक आणि पाहुणा असा भेदच नव्हता. २००१च्या एक्सपीखाली खात्यांची पक्की व्यवस्था होती, तरी घरोघरी सगळे ॲडमिनिस्ट्रेटर म्हणूनच बसत. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनीही तेच गृहीत धरलं. साधा खेळसुद्धा आपली सेटिंग्ज थेट ‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डरमध्ये लिहायचा. अधिकार काढून घेतला की तो बंद पडे.

२००७च्या जानेवारीत व्हिस्टा बाजारात आला आणि ही सगळी थकबाकी एकदम वसूल होऊ लागली. ॲडमिनिस्ट्रेटरने लॉगिन केलं तरी त्याचं रोजचं काम साध्या अधिकारांवर चाले. पूर्ण अधिकार बाजूला ठेवलेले असत आणि चौकटीत ‘हो’ म्हटल्यावरच मिळत. ॲपलने त्याच वर्षी जाहिरातीत काळ्या सुटातला, पदोपदी परवानगी विचारणारा सुरक्षारक्षक उभा केला. २००८च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सुरक्षा परिषदेत मायक्रोसॉफ्टचे डेव्हिड क्रॉस यांनी उघड सांगितलं की चौकट वापरणाऱ्याला त्रास देण्यासाठीच घातली होती. त्रासलेले ग्राहक सॉफ्टवेअर कंपन्यांकडे तक्रार करतील आणि त्या आपले प्रोग्रॅम सुधारतील, असा हिशेब होता.

हिशेब बरोबर निघाला. मायक्रोसॉफ्टच्या आकड्यांनुसार चौकट उघडायला लावणारे वेगवेगळे प्रोग्रॅम आणि कामं वर्षभरात पावणेआठ लाखांवरून एक लाख अडुसष्ट हजारांच्या आसपास आली. तरीही मला ही रीत पटत नाही. चूक प्रोग्रॅमरची आणि जाब मात्र अशा माणसाला, ज्याला बिल छापायचं आहे किंवा मुलाचा फॉर्म भरायचा आहे. त्याच्यापुढे चार वेळा निष्कारण प्रश्न टाकला की पाचव्यांदा, खरा धोका असतानाही, बोट आपोआप ‘हो’वर जातं.

२००९च्या विंडोज ७मध्ये चौकट कमी-जास्त करायची पट्टी आली आणि विंडोजचे स्वतःचे बरेच प्रोग्रॅम न विचारता पुढे जाऊ लागले. त्रास घटला, पण त्याच सवलतीतून घुसायच्या वाटाही लोकांनी शोधल्या.

मग ही चौकट फोनवर आली. २०१५च्या अँड्रॉइड ६पासून ॲप बसवताना यादीभर परवानग्या एकदम मागण्याऐवजी, कॅमेरा किंवा मायक्रोफोन लागेल तेव्हा त्या विचारल्या जाऊ लागल्या. आता प्रश्न समजण्याजोगा झाला: समोरचं ॲप, हाच कॅमेरा, या क्षणी. २०२०च्या अँड्रॉइड ११ने ‘फक्त या वेळेपुरती’ हा पर्याय दिला आणि काही महिने न उघडलेल्या ॲपच्या परवानग्या परत काढून घ्यायची सोय केली. कामापुरता उसना अधिकार बफेलोच्या सुडूकडे आधीपासून होता. तो आपल्या खिशातल्या यंत्रापर्यंत पोचायला चाळीस वर्षं लागली.