तालमीची जागा

मराठी नाटकाचा इतिहास आपण नाटकांच्या नावांवरून वाचतो. कोणी लिहिलं, कोणी बसवलं, कोणी काम केलं, किती प्रयोग झाले. आमच्या छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे २०२३ पर्यंत सरकारदरबारी औरंगाबाद असलेल्या शहराचा, नाट्यइतिहासही असाच सांगतात. भाषण कोणाचंही असो, त्यात चार-पाच मोठी नावं येतात, टाळ्या पडतात आणि शेवटी ‘मराठवाड्याच्या मातीतच नाटक आहे’ असं एक वाक्य येतं.

मी याच शहरात नाटक करते. मातीत नाटक असेलही, पण तालीम मातीत घेता येत नाही. मला रोज पडणारा प्रश्न साधा असतो: आज संध्याकाळी तालीम कुठं घ्यायची? दोन अंकी नाटक बसवायचं तर दीड-दोन महिने, रोज तीन तास, आठ-दहा माणसं उभी राहू शकतील आणि मोठ्यानं ओरडू शकतील अशी जागा लागते. ती जागा कोणीतरी देतं, किंवा तिचं भाडं कोणीतरी भरतं. हा प्रश्न घेऊन मागं गेलं की आपल्या शहराचा नाट्यइतिहास जरा वेगळा दिसायला लागतो. तो नाटकांच्या नावांपेक्षा छपरांचा आणि पगारांचा इतिहास वाटतो.

नागसेनवनातलं छप्पर

आपला भाग निजामाच्या राज्यात होता. तिथं सभा भरवायची तरी आधी परवानगी काढावी लागे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं, आणि त्यानंतर दोनच वर्षांत, १९५० मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथं महाविद्यालय सुरू केलं. आज ते मिलिंद महाविद्यालय म्हणून आपल्याला माहीत आहे. परिसराचं नाव नागसेनवन. राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तरं देतो, त्या जुन्या संवादावरून ही नावं आली. म्हणजे या परिसराच्या नावातच दोन पात्रं आणि त्यांचा संवाद आहे.

इथले प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिलं. १९५५ मध्ये मिलिंदमध्येच, बाबासाहेबांच्या उपस्थितीत, त्याचा प्रयोग झाला. अस्पृश्यतेचा युगायुगांमधला प्रवास हा त्याचा विषय. दलित रंगभूमीचा इतिहास लिहिणारे या प्रयोगाची नोंद हमखास करतात.

मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. गावात नाटक व्हायचं ते जत्रेत, देवळासमोर, पाटलाच्या वाड्यापुढं. तमाशाच्या बोर्डावर दलित कलावंत पिढ्यान्‌पिढ्या उभे होते. ढोलकी त्यांची, गळा त्यांचा, पण सुपारी दुसऱ्याची. काय सादर करायचं आणि कुठं थांबायचं हे पैसे देणारा ठरवायचा. नागसेनवनात पहिल्यांदा असं छप्पर मिळालं, जिथं त्याच समाजातली पोरं कोणाची सुपारी न घेता, स्वतःच्या प्रश्नावर, हातात संहिता घेऊन उभी राहू शकत होती. नाटकाइतकीच मोठी गोष्ट तालमीची ती जागा होती, असं मला वाटतं.

पगारावर उभं राहिलेलं नाटक

२३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. पुढं सत्तरच्या दशकात तिथं नाट्यशास्त्र विभाग आला आणि या शहरात नाटक हा शिकण्याचा विषय झाला. कमलाकर सोनटक्के यांच्यासारखे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकून आलेले दिग्दर्शक इथं शिकवायला होते. रुस्तुम अचलखांब यांनी तमाशा आणि लोकरंगभूमीचा अभ्यास केला आणि गावकुसाबाहेरचं जगणं ‘गावकी’ या आत्मकथनात लिहिलं. गावात ज्या कलेला शिवी म्हणून वापरलं जायचं, तिचा विद्यापीठात अभ्यास सुरू झाला.

हे सगळं शांत वातावरणात चाललं होतं असं मात्र नाही. २७ जुलै १९७८ ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. ज्या काळात विभागात अभिनयाचे धडे चालले होते, त्याच काळात विद्यापीठाच्या फाटकाबाहेर नावावरून माणसं मरत होती. या शहरातल्या नाटकाला राजकारणापासून लांब राहता आलेलं नाही, त्याचं एक कारण हे आहे.

याच विभागातले प्राध्यापक आणि पुढं विभागप्रमुख झालेले लक्ष्मण देशपांडे. त्यांचं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ तुम्ही यूट्यूबवर पाहिलं असेल, नाहीतर आई-वडिलांकडून ऐकलं असेल. लिहिलं त्यांनी, केलंही त्यांनीच. एकटा माणूस आणि ५२ व्यक्तिरेखा. मराठवाड्याच्या बोलीतलं वऱ्हाड त्यांनी खरोखरच परदेशापर्यंत नेलं. गिनेस बुकात नोंद झाली. २००९ मध्ये ते गेले. आता संदीप पाठक तो प्रयोग करतात.

त्या ५२ व्यक्तिरेखांचं कौतुक सगळेच करतात. मी मात्र नाटक करणारी म्हणून त्याचा हिशेब मांडून पाहते. एकपात्री प्रयोगाला दहा नटांच्या वेळा जुळवाव्या लागत नाहीत. नेपथ्याचा टेम्पो लागत नाही. तालीम घरच्या खोलीत, चालता-चालता, अंघोळ करतानाही होऊ शकते. दौऱ्यावर एका माणसाचं तिकीट आणि एका माणसाचं जेवण. शिवाय महिन्याच्या एक तारखेला पगार. मोठ्या प्रतिभेच्या माणसानं तुटपुंज्या साधनांत काढलेली ही वाट आहे. प्रतिभा तर हवीच, त्याशिवाय पाच व्यक्तिरेखाही उभ्या राहत नाहीत. पण पगार नसता तर त्या प्रतिभेला एवढी वर्षं दम धरता आला असता का, हा प्रश्न आमच्या पिढीनं विचारायला हवा. कारण आमच्यापैकी बहुतेकांना तो पगार नाही. प्राध्यापकाच्या जागा निघत नाहीत, आणि निघाल्या तरी तासिका तत्त्वावर.

गेले ते आणि राहिले ते

ऐंशीच्या दशकात इथल्या काही तरुणांनी ‘जिगीषा’ नावाची संस्था काढली. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी, प्रतीक्षा लोणकर ही नावं तुम्हाला माहीत आहेत. हौशी नाटकं, स्पर्धा, एकांकिका हे सगळं इथं केलं आणि मग हा ग्रुप मुंबईला गेला. एकटा-दुकटा नट मुंबईला जाणं नवीन नव्हतं. इथं अख्खा ग्रुप, एकमेकांचा हात धरून गेला. १९९१ मध्ये प्रशांत दळवींचं ‘चारचौघी’ चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनात व्यावसायिक रंगभूमीवर आलं आणि मराठी घरातल्या बायकांबद्दल नाटकात काय बोलता येतं याची हद्द पुढं सरकली.

आमच्या शहरात या गोष्टीकडं दोन नजरांनी पाहतात. एक, ‘आपली पोरं जिंकली’. दुसरी, ‘आपली पोरं गेली’. मला दोन्ही खऱ्या वाटतात. नाटकावर पोट भरायचं तर तेव्हाही पुणे-मुंबईलाच जावं लागे. ज्या शहरात महिन्यातून चार प्रयोगही लागत नाहीत, तिथं राहून कोणी व्यावसायिक होत नाही. ते गेले म्हणून ‘चारचौघी’ झालं. पण एक ग्रुप जातो तेव्हा मागच्यांना शिकवणारी, ओरडणारी, चहा पाजून संहिता वाचून दाखवणारी एक अख्खी फळीही जाते. पुढच्या वर्षीच्या पोरांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

तिसरी वाट आपल्यापासून फार लांबची नाही. जालना जिल्ह्यातलं जांब समर्थ. तिथले राजकुमार तांगडे शेती करतात आणि नाटक लिहितात. विजेच्या चोरीवरचं ‘आकडा’ त्यांचंच. २०१२ मध्ये आलेलं ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ त्यांनी लिहिलं, नंदू माधव यांनी दिग्दर्शित केलं, संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं. त्यातले बरेच कलावंत जालन्याकडचे, शेती-मातीतले. हे नाटक मुंबई-पुण्यात गाजलं ते तिथल्या नाटकांसारखं दिसण्याचा प्रयत्न न करता.

म्हणजे पाहा, आतापर्यंत तीन आधार झाले. एकाला विद्यापीठाचा पगार, दुसऱ्याला मुंबईचं मार्केट, तिसऱ्याला शेती. नाटक तिन्ही ठिकाणी मोठं झालं, पण नाटकानं स्वतःचा खर्च इथं, या शहरात राहून भागवला, असं एकाही ठिकाणी झालेलं नाही.

सिडकोतली पुढची खोली

आता माझ्यासारख्यांचं. मला पगार नाही, शेत नाही आणि मुंबईला जायचं नाही. सिडकोत आमचं छोटं रो-हाउस आहे. आई, मोठा भाऊ आणि मी. दादा वाळूजला कंपनीत आहे. आमच्या तालमी घराच्या पुढच्या खोलीत होतात. दिवाण उभा करून भिंतीला लावायचा, टीपॉय स्वयंपाकघरात, आणि उरलेल्या बारा बाय चौदामध्ये राजवाडाही बसवायचा आणि कोर्टही.

तालमीची वेळ मी ठरवत नाही, वाळूज आणि शेंद्र्याच्या कंपन्या ठरवतात. आमच्या ग्रुपमधले तिघं कामगार आहेत. त्यांची फर्स्ट शिफ्ट असेल त्या आठवड्यात तालीम सहाला, सेकंड शिफ्ट असेल तर सकाळी आठला. दोघी मुलींना नऊच्या आत घरी पोचायचं असतं, म्हणून त्यांचे प्रवेश आधी. ब्लॉकिंग कलेच्या गरजेनं होतं असं पुस्तकात असतं. आमच्याकडं ते बस आणि शिफ्टच्या वेळेनं होतं. गेल्या नाटकात नवरा-बायकोचं भांडण होतं. तीन आठवडे रोज संध्याकाळी ते ऐकून शेजारच्या काकूंनी आईला हळूच विचारलं, “मुलीचं लग्न झालं का हो? आम्हाला सांगितलं नाही ते.”

माझं पोट डिसेंबर-जानेवारीतल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांवर आणि उन्हाळ्यातल्या बालनाट्य शिबिरांवर चालतं. मधल्या महिन्यांत जाहिरातींना आवाज देते. प्रचाराच्या रिक्षातून जाणारा बाईचा आवाज कधीकधी माझा असतो. एका संस्थेनं दोन वर्षांपूर्वीच्या शिबिराचे पैसे अजून दिलेले नाहीत. फोन केला की ‘मॅडम, तुम्ही कलावंत माणसं’ अशी सुरुवात होते, आणि मग मला कळतं की आजही पैसे मिळणार नाहीत.

नाटक उभं राहिलं तरी प्रयोगाआधी बरंच बाकी असतं. संहिता मुंबईच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडं पाठवून प्रमाणपत्र घ्यायचं. नाट्यगृहाची तारीख, अनामत, लाइटवाला, मेकअपवाला, टेम्पो. मोठी नाट्यगृहं लग्न-सत्कार-मेळाव्यांतून उरलेल्या तारखा देतात. गेल्या प्रयोगाचा आमचा खर्च ३८,००० रुपये झाला आणि तिकिटांचे २१,००० आले. फरक दादाच्या पगारातून गेला. तो नाटक पाहायला येऊ शकला नाही, त्याची सेकंड शिफ्ट होती.

हा हिशेब मी वहीत लिहीत होते तेव्हा आई शेजारी भाजी निवडत बसली होती. तिनं वहीत डोकावून विचारलं, “यात चहा कुठाय गं?” मी म्हटलं, “चहा घरचाच की.” ती म्हणाली, “घरचा म्हणजे फुकटचा का? पन्नास दिवस, दहा माणसं, दोन-दोन कप. गॅसचा भाव बघितलास?”

तिनं ते हसत विचारलं होतं, पण मला तिथं इतिहासातली एक मोठी गाळलेली जागा सापडली. प्राध्यापक दौऱ्यावर असताना घर कोणी चालवलं? मुंबईला निघालेल्या पोरांना पहिल्या महिन्याचे पैसे कोणी दिले? शेतकरी लेखक तालमीला गेला तेव्हा रात्री वीज आल्यावर शेताला पाणी द्यायला कोण उठलं? एकपात्री प्रयोगसुद्धा एकट्याचा नसतो. पुस्तकांत लेखक आहेत, दिग्दर्शक आहेत, नट आहेत. खर्चाचा मोठा भाग ज्यांनी उचलला ते कुठल्याच पानावर नाहीत, आणि त्यातल्या बहुतेक बायका आहेत.

‘स्वतंत्र नाटक’ हा शब्द मला आवडतो. आपण निर्मात्यापासून स्वतंत्र असतो, सेन्सॉरशी भांडायला तयार असतो, बाजाराला भीक घालत नाही. पण आपलं स्वातंत्र्य कोणाच्या तरी शिफ्टवर आणि कोणाच्या तरी गॅसवर उभं असतं. ते मान्य केल्यानं स्वातंत्र्य कमी होत नाही, हिशेब खरा होतो. आणि हिशेब खरा झाला तरच मागणीही नेमकी करता येते. आम्हाला दरवर्षी महोत्सव आणि सत्कार नकोत. या शहरात महापालिकेच्या आणि शाळांच्या कितीतरी खोल्या संध्याकाळी सहानंतर कुलूपबंद असतात. त्यातल्या चार खोल्या नाममात्र भाड्यानं तालमीला उघडून दिल्या, तरी पुढच्या दहा वर्षांत मुंबईला न जाणारा एखादा ग्रुप इथं तयार होऊ शकेल. नागसेनवनात एका छपरानं काय होऊ शकलं ते आपण पाहिलेलं आहे.

तोवर माझ्यापुरतं मी एक काम केलं आहे. नवीन नाटकाच्या पत्रकावर लेखक, दिग्दर्शक, प्रकाशयोजना यांच्याखाली दोन ओळी वाढवल्या. ‘तालमीची जागा आणि चहा’ यापुढं आईचं नाव आहे, ‘अर्थसाहाय्य’ यापुढं दादाचं. छापणाऱ्यानं विचारलं, “हे असं कोणी छापतं का?” म्हटलं, आता छापतात. पत्रक हातात पडल्यावर आईनं ते डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचलं आणि म्हणाली, “आडनावात वेलांटी चुकलीय.” मग तिनंच पेन घेऊन सगळ्या दोनशे पत्रकांवर ती दुरुस्त केली.